वस्तीतल्या बाळंतिणींसाठी अ‍ॅप करताय? पहिल्या चौदा दिवसांपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातली तुमची लहानशी संस्था लोकमान्यनगर, वागळे इस्टेट आणि दिघा या भागांतल्या वस्त्यांमध्ये काम करते. अंगावर पाजणाऱ्या, हातावर पोट असलेल्या आयांसाठी मोबाईल अ‍ॅप करायला तुम्हाला वर्षभराचा निधी मिळाला आहे. अशा अ‍ॅपचा खरंच उपयोग होतो का, त्यात काय असावं आणि काय टाळावं, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी प्रसूती वॉर्डात परिचारिका होते आणि गेली सोळा वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात स्तनपान समुपदेशक म्हणून फिरते आहे. या काळात चार वेगवेगळी अ‍ॅप आणि असंख्य व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जवळून पाहिले. त्यावरून माझं मत असं झालंय की अ‍ॅपचा उपयोग होतो, पण एकाच अटीवर. बाळंतीण घरी आल्यापासून पहिल्या चौदा दिवसांत एक जाणतं माणूस तिच्या दारात पोचवण्यासाठी ते वापरलं पाहिजे. आईला माहिती देणं हे त्याचं दुय्यम काम. बहुतेक अ‍ॅप नेमकी उलटी बांधलेली असतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिघ्याला डोंगराच्या कडेला एका खोलीत गेले होते. पहिलटकरीण, बाळ नऊ दिवसांचं. पत्र्याखाली उकाडा इतका की बाळाच्या मानेवर घामोळं उठलेलं. ती भिंतीला टेकून बसली होती, एक पाय लांब करून, बाळ मांडीवर उताणं. पाजायला घेतलं तेव्हा ती वाकून बाळाच्या तोंडापर्यंत गेली आणि बाळाने ओठ लावताच तिने दात घट्ट आवळले. दोन्ही बोंडांना चिरा पडल्या होत्या. जन्माचं वजन 2 किलो 700 ग्रॅम, माझ्या काट्यावर 2 किलो 480. आदल्या सकाळपासून लघवी तीनदाच झालेली. मांडणीवर तांदळाच्या डब्याला टेकवून नवऱ्याचा जुना मोबाईल ठेवला होता. दवाखान्यातून निघताना कुणीतरी त्यात एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. मी उघडून पाहिलं तर तीसेक संदेश न वाचलेले पडून होते. त्यातल्या एकात लिहिलं होतं की बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजा. ती तर दर तासाला पाजत होती. बाळ ओढत होतं, पण त्याच्या पोटात काही जात नव्हतं.

मी तिच्या पाठीशी गोधडीची घडी दिली, दोन्ही पाय टेकवून नीट बसवलं. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. वरच्या ओठाला बोंड लावून बाळ जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड, कारण रडणारं बाळ हातात असताना आईला घाई होते. तोंड मोठं उघडलं की आधी हनुवटी टेकवायची आणि बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. चौथ्या प्रयत्नाला जमलं. खालचा ओठ बाहेर वळला, बोंडाखालचा काळा भाग जवळपास सगळा तोंडात गेला आणि मिनिटभराने घुटुक-घुटुक ऐकू यायला लागलं. ती म्हणाली, "ताई, आता दुखत नाही हो." संध्याकाळी बाळाला डॉक्टरांना दाखवलं, कावीळ नाही, जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून घेतली. पुढचे तीन-चार दिवस पाजून झाल्यावर हाताने काढलेलं दूध बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, वरून द्यायला सांगितलं. आठ दिवसांनी वजन 2 किलो 690 भरलं.

त्या अ‍ॅपमधली माहिती चुकीची नव्हती, तरी तिला तिचा उपयोग झाला नाही. तिला दूध होतं, इच्छा होती, दर तासाला पाजण्याइतकी चिकाटी होती. कमी होते ते दोन हात. कुणीतरी जवळ बसून तिचा खांदा सैल करायला हवा होता.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019-21 ची पाचवी फेरी पाहा. देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, पण जन्मानंतर तासाभरात छातीला लावलेली बाळं फक्त 41.8 टक्के. म्हणजे डॉक्टर-नर्स हाताशी असताना निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास हुकतो. हे आईच्या अज्ञानाचं लक्षण नव्हे, त्या तासात तिच्यापाशी थांबायला कुणी मोकळं नसतं याचं आहे. फोनवरच्या संदेशांबद्दलही पुरावा आहे. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा जानेवारी 2016 मध्ये सुरू झाली आणि 2024 मध्ये महाराष्ट्रातही आली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे 72 ध्वनिसंदेश येतात, फुकट, साध्या बटनाच्या फोनवरही. मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत तिची मोठी शास्त्रीय चाचणी झाली, निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबनियोजनाची आधुनिक साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण थोडं वाढलं, पण सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. तांबी बसवायची की नाही हा निर्णय ऐकून घेता येतो. पाजणं हे पोळी लाटण्यासारखं हाताचं काम आहे, ऐकून येत नाही.

म्हणून पुन्हा एकदा संदेशांचं अ‍ॅप करू नका. संदेश आहेतच. किलकारी आहे. मुंबई परिसरात 'अरमान' संस्थेची 'एममित्र' सेवा कितीतरी वर्षं चालू आहे, तिच्यात बाईला सोयीची वेळ आणि भाषा निवडता येते. पाजायची पद्धत दाखवणारे व्हिडिओही आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली लॅचिंग (बाळाने छाती तोंडात नीट पकडणं), बाळाला धरण्याच्या पद्धती, हाताने दूध काढणं अशा विषयांवर बारकाईने केलेले व्हिडिओ मराठीत फुकट पाहायला मिळतात. मी स्वतः नवीन कार्यकर्त्या तयार करताना ते वापरते. तुमचे पैसे तसलंच काही पुन्हा चित्रित करण्यात घालवू नका.

मग अ‍ॅप कुणासाठी? माझं उत्तर: वस्तीत फिरणाऱ्या बाईसाठी. तुमच्याकडे आठ-दहा अशा बाया हव्यात ज्यांनी स्वतः अंगावर पाजलंय, ज्या त्याच गल्लीत राहतात आणि ज्यांना तुम्ही नीट प्रशिक्षण आणि नीट मानधन देता. त्यांच्या फोनवर एक साधी यादी असावी: आज कुठली बाळंतीण घरी आली, कुणाचा तिसरा दिवस, कुणाचा सातवा, कुणाचं वजन मागच्या वेळेपेक्षा वाढलं नाही. आशाताईंच्या नवजात बालकाच्या गृहभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या आहेत. त्या जरूर व्हाव्यात. पण दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास, छाती दगडासारखी घट्ट होते तेव्हाच, आणि बोंडाला चिरा पडायला दोन दिवस पुरतात. घरी आल्यावर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत एक आणि पाचव्या-सहाव्या दिवशी एक, अशा दोन जादा भेटी तुमच्या माणसांनी दिल्या तर बाटलीकडे वळणारी कितीतरी बाळं वाचतील. अ‍ॅपने हे दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत, एवढंच त्याचं मुख्य काम.

अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्यावर मात्र तुमची नोंद लादू नका. सेविकांच्या हातात मार्च 2021 पासून पोषण ट्रॅकर हे नोंदींचं सरकारी अ‍ॅप आहे, शिवाय लसीकरणाच्या, गरोदर मातांच्या वेगळ्या नोंदी. त्याच वर्षी राज्यातल्या सेविकांनी वारंवार बिघडणारे मोबाईल आणि इंग्रजी अ‍ॅप यांना कंटाळून सरकारी फोन परत केले होते. एकच वजन तीन ठिकाणी भरणारी बाई पाजताना शेजारी बसायला वेळ कुठून काढणार? तुमच्या अ‍ॅपमध्ये एका भेटीची नोंद दोन मिनिटांत व्हायला हवी, नेट नसतानाही व्हायला हवी, आणि बोलून करता आली तर उत्तम.

आता त्या वाक्याकडे येते जे मी दिवसातून पाच वेळा ऐकते: "दूध पुरत नाही." तुमच्या आराखड्यात या नावाचं एक बटन आहे आणि ते दाबलं की अळीव, शतावरी, मेथी, खसखशीची खीर यांची यादी येते, असं तुम्ही लिहिलंय. ते बटन ठेवा, पण त्यामागची यादी काढून टाका. अळिवाचे लाडू वाईट नाहीत. बाळंतिणीला पोटभर आणि प्रेमाने खायला मिळावं असं मलाही वाटतं. पण लाडवाचा सल्ला दिला की खरा प्रश्न झाकला जातो, आणि ज्या घरात सुका मेवा परवडत नाही तिथे आईला वाटतं की आपल्या गरिबीमुळे आपल्याला दूध नाही. हा समज फार खोल रुतून बसतो. साधी भाजी-भाकरी, वरण-भात खाणाऱ्या आईलाही पुरेसं दूध येतं. दूध बनतं ते बाळ नीट ओढून छाती रिकामी करतं म्हणून.

"पुरत नाही" या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कधी पहिल्या दोन दिवसांचा घट्ट पिवळा चीक पाहून 'दूधच आलं नाही' असं घरचे ठरवतात. खरं तर त्या वेळी बाळाला एका खेपेला चमचा-दोन चमचे चीक पुरतो. कधी पकड चुकलेली असते, वरच्या गोष्टीतल्यासारखी. कधी बाळ दीड महिन्याचं होतं, भूक वाढते, संध्याकाळी चार तास सारखं छातीला लागतं आणि सासूबाई म्हणतात, पोर उपाशी राहतंय. दोन-तीन दिवसांत दूध आपोआप वाढतं, तेवढा काळ कुणीतरी धीर द्यायला हवा. कधी वरचं पाणी, मध, गुटी चालू असते, पोट त्यानेच भरतं आणि छातीला ओढणं कमी होतं. आणि कधी, क्वचित, दूध खरंच कमी असतं: थायरॉईड, जास्त रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहिलेला, पूर्वीची शस्त्रक्रिया. अशा आईला डॉक्टरच लागतो, तिला लाडवावर थांबवणं अन्याय आहे.

तेव्हा त्या बटनामागे प्रश्न ठेवा. कालपासून लघवी किती वेळा झाली? पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा झाली तर पोटात जातंय असं समजायला हरकत नाही, मात्र वरचं पाणी चालू नसेल तरच. रात्री पाजता का? अंगावरच्या दुधाशिवाय काय-काय देता? (हा प्रश्न "फक्त अंगावरचं देता ना?" असा विचारला की उत्तर नेहमी 'हो' येतं. "गुटी कधीपासून सुरू केली?" असं विचारा, मग कळतं.) दुखतं का? शेवटचं वजन कधी आणि कुठल्या काट्यावर? बाळाचं वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि पुढचे दोन-तीन महिने रोज सरासरी 25 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. हे आकडे अ‍ॅपने स्वतः ताडून पाहावेत आणि कमी दिसले तर आईला काही न सांगता थेट तुमच्या कार्यकर्तीला फोन करायला लावावा. एकट्या आईच्या हातात लाल खूण दाखवणारा पडदा देऊ नका. ती घाबरते आणि संध्याकाळपर्यंत दूध पावडरचा डबा घरात येतो.

बाळ सुस्त पडलंय, चार-पाच तास उठून पीत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, पिवळेपणा तळपायापर्यंत उतरलाय, आईला थंडी वाजून ताप आलाय आणि छातीचा एक भाग लाल झालाय, यांतलं काही असेल तर प्रश्नोत्तरं बंद आणि सरळ दवाखाना. 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे दोन नंबर पहिल्या पडद्यावर मोठे हवेत. आई दिवसेंदिवस रडते, बाळाकडे बघावंसं वाटत नाही असं म्हणते, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हवा, पण त्याआधी तुमच्यातलं कुणीतरी तिच्यापाशी जाऊन बसलेलं हवं.

डब्याचा हिशेब एकदा मांडून दाखवते, कारण निधी देणाऱ्यांना तो पटकन कळतो. 400 ग्रॅमच्या पावडरच्या डब्याला चारशे रुपये किंवा जास्तच पडतात. डब्यावर लिहिल्याप्रमाणे मिसळलं तर त्यात तीनेक लिटर दूध होतं. तीन महिन्यांचं बाळ पूर्ण पावडरवर असेल तर डबा चार-पाच दिवसांत संपतो. म्हणजे महिन्याला सहा-सात डबे, अडीच-तीन हजार रुपये. दोन घरची धुणीभांडी करून मिळतात तेवढेच. मग काय होतं? दोन चमच्यांच्या जागी एक चमचा पडतो, पाणी तेवढंच राहतं. बाळाचं पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन खुंटतं. पाणी पिंपातलं, बाटली नीट उकळलेली नाही, आणि पावसाळ्यात जुलाब ठरलेले. मी कुठल्याही आईला डब्यावरून बोलत नाही. कुणीच मदतीला न आल्यामुळेच तो घरात आलेला असतो.

यावरून एक कडक सूचना. अ‍ॅप फुकट ठेवायचं म्हणून त्यात जाहिराती येऊ देऊ नका, आणि बाळाच्या पावडरशी, बाटलीशी संबंध असलेल्या कुणाकडूनही पैसा, बक्षीस, 'माता क्लब'ची भागीदारी स्वीकारू नका. 1992 चा आपला कायदा, 2003 मध्ये दुरुस्त झालेला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा उत्पादनांची जाहिरात करायलाच मनाई करतो. आपोआप जाहिराती दाखवणारी यंत्रणा जोडली की पडद्यावर काय येईल यावर तुमचा ताबा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये याच विषयावर अहवाल काढला होता. पावडर कंपन्या अ‍ॅप, ऑनलाइन ग्रुप आणि 'तज्ज्ञांचा सल्ला' यांतून थेट आयांच्या फोनवर कशा पोचतात ते त्यात मांडलंय.

फोन कुणाचा, हा पुढचा प्रश्न. वरच्याच सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया 54 टक्के होत्या आणि कधीही इंटरनेट वापरलेल्या 33.3 टक्के. ठाणे-नवी मुंबईत चित्र यापेक्षा बरं आहे, तरी वस्तीत फोन बहुधा घरचा असतो. सकाळी नवऱ्याबरोबर रबाळ्याच्या कारखान्यात किंवा तुर्भ्याच्या मार्केटात जातो, रात्री नऊला परततो. सकाळी अकराला पाठवलेला 'बाळाला पाजलं का?' हा संदेश तिथे कुणा हमालाच्या खिशात वाजतो. म्हणून आईसाठी अ‍ॅपच नको, एक नंबर असू द्या. तिने मिस्ड कॉल द्यायचा, दहा-पंधरा मिनिटांत तिला उलट फोन यायचा, तोही ओळखीच्या आवाजात. शेजारणीच्या फोनवरूनही मिस्ड कॉल देता येतो. स्मार्टफोन असलेल्या आयांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पुरेसे होतात. तिला नवीन काही शिकावं लागत नाही आणि भरलेल्या मेमरीत जागा करावी लागत नाही.

आवाज स्टुडिओतला नको. "स्तनपान" हा पोस्टरवरचा शब्द आहे, बायका म्हणतात "अंगावर पाजणं". जालना-बीडकडून आलेली बाई वेगळं बोलते, आगरी-कोळी घरातली वेगळं, मुंब्र्यात गेलात तर हिंदी-उर्दू लागेल. तुमच्या कार्यकर्त्यांच्याच आवाजात, मागे कुकरची शिट्टी वाजली तरी चालेल, असे मिनिट-दीड मिनिटाचे निरोप करून घ्या.

फोटोंबद्दल मी फार हट्टी आहे. अडचण कळावी म्हणून आईकडून छातीचा फोटो किंवा पाजतानाचा व्हिडिओ कधीही मागवू नका. घरचा फोन, त्यातली गॅलरी दीर उघडतो, फोटो आपोआप ऑनलाइन साठत जातात. एका वस्तीत अशा एका फोटोवरून एका मुलीला मारहाण झालेली मी पाहिली आहे आणि त्यानंतर त्या गल्लीत वर्षभर कुणी आम्हाला दारात उभं केलं नाही. फोनवर समजावायचं तर कापडी बाहुली आणि छाती म्हणून मोज्याची गुंडाळी घेऊन तुम्ही दाखवा, तिने बघायचं. व्हिडिओ कॉल तिने स्वतः मागितला तरच, आणि तो कुठेही साठवायचा नाही. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमतीचं बंधन आहे. पण अंगठा उमटवून घेतलेली संमती आणि समजून दिलेली संमती यांतला फरक कायद्याआधी तुम्हालाच पाळावा लागेल. नाव, बाळाची जन्मतारीख, वजनं, भेटींच्या तारखा यांपलीकडे काही साठवू नका.

सासूबाईंना वगळून केलेलं कुठलंही काम आमच्याकडे टिकत नाही. मध चाटवायचा की नाही, पाचवीला काय करायचं, गुटी कधी उगाळायची, हे त्या ठरवतात. त्या बाळाच्या वैरी नसतात. त्यांनी पाच-सहा मुलं वाढवली आहेत आणि त्यातलं एखादं गेलेलंही असतं. मी दारात गेले की पहिली त्यांच्यापाशी बसते, "मावशी, तुमच्या वेळी कसं करायचे?" असं विचारते. बहुतेकींनी स्वतः दोन-दोन वर्षं अंगावर पाजलेलं असतं. ते त्या सुनेसमोर सांगतात आणि माझं अर्धं काम होतं. तुमचे चार आवाजी निरोप तरी खास सासवांसाठी करा, दोन नवऱ्यांसाठी. नवऱ्याला सांगायचं एकच: रात्री ती पाजत असताना पाण्याचा तांब्या भरून जवळ ठेव आणि 'पुरतंय का' असं विचारू नकोस.

एक गोष्ट बाहेरून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ती यवतमाळला, धाराशिवला, नाहीतर जौनपूरला जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परत येते. तुमच्या यादीत ती 'संपर्क तुटला' अशी पडते, आणि पहिले चौदा दिवस तिकडेच जातात. म्हणून गरोदरपणातच, जाण्याआधी, तिला एकदा बाहुली घेऊन पाजायला शिकवा, हाताने दूध काढायची रीत सांगा, आणि माहेरचा, आईचा किंवा भावाचा, नंबर घेऊन ठेवा. तिकडच्या आशाताईचा नंबर मिळाला तर फारच चांगलं. अशा मुलींना तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी फोन करणं हे तुमच्या अ‍ॅपचं दुसऱ्या क्रमांकाचं काम समजा.

परत येते तेव्हा कामाचा प्रश्न उभा असतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर आहे, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन सुट्ट्या आहेत. पण धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी, ठेकेदाराकडे रोजावर जाणारी बाई, हिच्यापर्यंत हा कायदा पोचत नाही. ती सव्वा महिना झाला की कामाला लागते, कारण घरचं काम दुसरीला गेलं तर परत मिळत नाही. तिला 'सहा महिने फक्त अंगावर' असं नुसतं ऐकवणं क्रूर वाटतं मला. तिला शिकवायचं ते असं: निघण्याआधी पाजायचं, आल्या-आल्या पाजायचं, रात्री मोकळेपणाने पाजायचं, आणि मधल्या वेळेसाठी दूध काढून ठेवायचं. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत, झाकण घालून, घरातल्या थंड कोपऱ्यात चार तासांच्या आत संपवायचं, एप्रिल-मेमध्ये त्याहून लवकर. शेजारच्या घरी फ्रीज असेल तर चोवीस तास. पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाटलीने नाही. यंत्र लागत नाही. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला, आधी मागे छातीकडे दाब, मग एकमेकांकडे. पहिल्या दिवशी थेंब येतील, आठ दिवसांनी वाटी भरेल. हेही हात धरूनच शिकवावं लागतं, पण एकदा आलं की ती जावेला शिकवते. पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. तो अर्ज वेळेवर भरून घेणं हेही तुमच्या कार्यकर्तीच्या यादीत असू द्या, कारण त्या पैशांत तिचं कामाला जाणं काही आठवडे तरी पुढे ढकलता येतं.

निधी देणारे तुम्हाला किती जणींनी अ‍ॅप उतरवून घेतलं ते विचारतील. त्यांना तीन वेगळे आकडे द्या. किती बाळंतिणींकडे घरी आल्यावर अठ्ठेचाळीस तासांत माणूस पोचलं. मिस्ड कॉलनंतर किती मिनिटांत उलट फोन गेला. चौदाव्या दिवशी किती बाळं जन्माच्या वजनावर परत आली. तिसऱ्यासाठी चांगले डिजिटल काटे लागतील, 10 ग्रॅमपर्यंत दाखवणारे, निदान चार. सॉफ्टवेअरचं बिल आलं की काट्यांचे पैसे कापले जातात, म्हणून ते आधीच वेगळे काढून ठेवा.

तुमच्या मुलांनी अजून प्रोग्रॅमिंग सुरू केलं नसेल तर थोडं थांबा. मी दर शुक्रवारी सकाळी दहाला दिघा गाव स्टेशनवरून वर वस्तीत जाते. तुमच्यापैकी दोघीजणी महिनाभर माझ्याबरोबर या. खोलीत बायकाच हव्यात, म्हणून मुलींनीच यावं. येताना वही आणा, आणि कमी मेमरीचा, काच तडकलेला एखादा जुना फोन आणा. जे काही बांधाल ते आधी त्याच फोनवर, पत्र्याखालच्या त्या खोलीत चालवून बघू.